हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश सोडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शुगर, बीपी, गुडघे सगळ्यावर येतं, पण हिरड्यांवर काही वाचल्याचं मला आठवत नाही म्हणून लिहायलोय. मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडं दाढ ठणकली की माणूस दवाखान्यात पळतो, हिरडी मात्र बरीच वर्षं दुखत नाही, नुसतं रक्त येतं, त्यामुळं तिच्याकडं कोणी बघतच नाही.

माझी माय ६२ वर्षांची आहे, तिनं ४० वर्षं मिश्री लावली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका, मग बारीक करून डबीत भरायची आणि सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, झोपताना बोटानं हिरडीवर घासत बसायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांचं हेच. मधी काही वर्षांपूर्वी तिनं ब्रश सुरू केला होता पण रक्त यायला लागलं आणि आम्हीच म्हणालो की राहू दे माय, कशाला हिरड्या सोलून घेतीस. ती चूक आमची होती. मागच्या वर्षी भाकरी खाताना खालचा पुढचा दात तिच्या हातात आला, कळ सुद्धा आली नाही. ती म्हणाली वय झालं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधी घालून दाखवली, चांगल्या हिरडीत ती २-३ मिलीमीटर जाते, मायच्या काही दातांना ७ पर्यंत गेली. म्हणजे आतलं हाड झिजलेलं. बांधाची माती वाहून गेल्यावर झाड उभं दिसतं पण हलतं, तसं झालेलं. हे हाड पहिल्यासारखं परत भरत नाही, फक्त पुढची झीज थांबवता येते.

बाईंनी नीट समजावलं ते सांगतो. दातावर रोज चिकट थर बसतो, तो निघाला नाही तर काही दिवसात त्याचं दगडासारखं कीटण होतं आणि मग ब्रशनं ते निघतच नाही. १९६५ मधे डेन्मार्कमधे १२ धडधाकट माणसांनी दात घासणं मुद्दाम बंद केलं होतं, १० ते २१ दिवसात सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर आठवडाभरात सूज उतरली. म्हणजे ज्या टप्प्यावर आपण रक्त बघून ब्रश ठेवून देतो त्याच टप्प्यावर मऊ ब्रशनं नीट घासलं तर हिरडी पूर्ण बरी होते!! आणि बिडी-सिगरेटवाल्यांचं तर अजून वाईट, तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात म्हणून रक्त कमी येतं आणि माणूस समजतो आपलं सगळं चांगलंय.

मायला शुगर पण आहे. शुगर वाढली की हिरडीचं इन्फेक्शन वाढतं आणि हिरडी खराब असली की शुगर ताब्यात येत नाही, हे तर आम्हाला इतकी वर्षं शुगरच्या गोळ्या घेताना कोणीच बोललं नव्हतं. तिचं ४ वेळा बोलावून मुळापर्यंत कीटण काढलं, मिश्री सुटायला फार त्रास झाला पण सुटली. गावात सगळे म्हणायचे की मशीननं साफ केले की दात हालतात, मी पण तेच धरून बसलो होतो. खरं असं की दात आधीच हाललेला असतो, कीटणानं तो नुसता टेकलेला असतो, ते निघाल्यावर आपल्याला कळतं. तुरटीच्या, मिठाच्या गुळण्यांनी बरं वाटतं पण कीटण निघत नाही, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्यानं पण नाही.

त्याच वेळी माझ्या ७ वर्षांच्या पोरीला दाखवलं, तिच्या पण हिरड्या लाल आणि फुगलेल्या, ब्रशला रक्त. लेकराच्या हाताला ७-८ वर्षांपर्यंत ते वळण नसतं, आईबापानं घासून द्यायचं. आता रोज रात्री मी तिच्या मागं उभा राहतो, तिचं डोकं माझ्या पोटाला टेकवून ओठ वर करतो आणि हिरडी-दाताच्या सांध्यावर ब्रश तिरका धरून हळू फिरवतो, पेस्ट वाटाण्याएवढी. १० दिवसात रक्त बंद झालं. मायला हेच कोणी २० वर्षांपूर्वी करून दाखवलं असतं तर.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची आहे पण कीटण काढायचं मशीन कित्येक महिने बंद, जा म्हणतात संभाजीनगरला नाहीतर प्रायव्हेटला. रोजंदारी बुडवून त्यासाठी कोण जाणार? शाळेत वर्षातून एकदा लेकरं तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, पण ऊसतोडीला गेलेली लेकरं नेमकी तेव्हा फडावर असली की तशीच राहतात. २०१२ मधे गुटख्यावर बंदी आली, मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते, तिच्यावर बोलणारं कोणी नाही.

साहेब, माझी विनंती एवढीच की दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत मिश्री आणि हिरड्यांवर एक पान छापा, मोठ्या अक्षरात, फोटोसकट. आमच्या तांड्यावरच्या बाया पेपर वाचत नाहीत, मी वाचून दाखवीन.

आपला,
एक वाचक, जि. बीड