बुळकांडीचा समुद्रातला भाऊबंद

व्हर्जिनिया बीच,
रविवार

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाच्या पिल्लाची आठवण काढून तुम्ही परवा फोनवर विचारलेत, की समुद्रातच जन्मलेला प्राणी मरायला वाळूवर का येतो. कारणे अनेक असतात. पण त्यांतले एक असे आहे की ते तुमच्याइतके लवकर दुसऱ्या कोणाला उमजणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

किनाऱ्याला लागलेल्या डॉल्फिनांची नोंद घेणाऱ्या इथल्या पथकात मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. पथकातली जुनी माणसे अजूनही 2013 च्या उन्हाळ्याबद्दल हळू आवाजात बोलतात. त्या जुलैत या किनाऱ्यावर मेलेले आणि मरणपंथाला लागलेले बॉटलनोज डॉल्फिन एकामागून एक येऊ लागले आणि ती साथ ओसरेपर्यंत, म्हणजे 2015 च्या वसंतापर्यंत, न्यूयॉर्कपासून फ्लोरिडापर्यंत सोळाशेहून अधिक प्राणी गेले. कारण होते मॉर्बिलीव्हायरस. बाबा, हा तुमच्या बुळकांडीच्या, गुरांच्या त्या जीवघेण्या रोगाच्या, कुळातला विषाणू आहे. माणसाचा गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर आणि हा, सगळे एकाच घराण्यातले.

शवविच्छेदनाची वर्णने वाचताना मला तुमच्या गुरांच्या दवाखान्यातल्या गोष्टी आठवत राहिल्या. तोंडात व्रण, फुफ्फुसे न्यूमोनियाने घट्ट झालेली, लसिका ग्रंथींतल्या पेशी झडून गेलेल्या, आणि पुष्कळदा मेंदूला सूज. मेंदूच बिघडला की प्राण्याला दिशा कळत नाही आणि पोहण्याचे भान राहत नाही. गोवरातून उठलेले मूल जसे पुढे न्यूमोनियाने दगावते, तसेच इथेही विषाणू प्रतिकारशक्ती मोडतो आणि मग एरवी किरकोळ ठरणारी बुरशी किंवा जिवाणू घास घेतात. डॉल्फिन कळपाने राहतात, एकमेकांना खेटून वर येतात आणि एकाच वेळी श्वास सोडतात. त्या श्वासाच्या तुषारांतून लागण व्हायला आणखी काय हवे?

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. याच किनाऱ्यावर 1987-88 मध्येही अशीच साथ येऊन सातशेहून अधिक डॉल्फिन मेले होते. तेव्हा दोष समुद्रातल्या विषारी शेवाळाला दिला गेला. पण कोणीतरी त्या प्राण्यांच्या ऊतींचे तुकडे जपून ठेवले होते, म्हणून काही वर्षांनी तेच नमुने पुन्हा तपासता आले आणि त्यांत हा विषाणू सापडला. दरम्यान 1988 मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावरील पॉरपॉइजांत, म्हणजे डॉल्फिनांच्या लहान भाऊबंदांत, तो ओळखला गेला होता, आणि 1990 मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सियाजवळ सुरू झालेल्या साथीने दोन वर्षांत ग्रीसपर्यंत पोहोचून भूमध्य समुद्रातल्या पट्टेदार डॉल्फिनांचे हजारोंनी बळी घेतले. त्या मेलेल्या प्राण्यांच्या चरबीत प्रतिकारशक्ती दुबळी करणाऱ्या पीसीबी या औद्योगिक रसायनांचे प्रमाण फार मोठे आढळले, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

दोन साथींत पंचवीस वर्षांचे अंतर का, हेही तुम्हाला लगेच कळेल. पहिल्या साथीतून वाचलेल्यांच्या अंगात विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे होती. ते म्हातारे होऊन गेले आणि ज्यांनी विषाणू कधी पाहिलाच नाही अशी नवी पिढी समुद्रात भरली, की आग लागायला सरपण तयार. तुम्ही बर्फाच्या पेटीत लसीच्या कुप्या घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरलात, तुमच्यासारख्या हजारोंनी जनावर न् जनावर टोचले आणि 2011 मध्ये बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर झाले. जिच्यावर संशोधन करण्यासाठी 1889 मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा उघडावी लागली होती, ती बुळकांडी! पण खुल्या समुद्रातल्या कळपांना कोण आणि कशी लस टोचणार? तिथे आपल्या हाती राहते ते एवढेच, की किनाऱ्याला आलेला प्रत्येक प्राणी नीट तपासायचा आणि नमुने राखायचे.

म्हणून एक विनंती. गुहागरला किंवा हेदवीला डॉल्फिन, देवमासा लागलेला दिसला, तर वनखात्याला, शक्य तर त्याच्या सागरी जीव पाहणाऱ्या कांदळवन कक्षाला, लगेच कळवावे आणि कुजण्यापूर्वी तपासणी व्हावी असा आग्रह धरावा. जिवंत असल्यास अंगावर ओले कापड घालून त्याला सावली करावी, पण डोक्यावरची नाकपुडी मोकळी ठेवावी, आणि जाणकार येईपर्यंत मुलांना त्याला पाण्यात ढकलू देऊ नये. आजारी प्राणी तसाच परत येतो. हा विषाणू माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी इतर रोग असू शकतात, तेव्हा हातमोज्यांशिवाय हात लावू नये आणि कुत्री लांब ठेवावीत. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांनाही हे सांगाल का? जनावर कसे उघडायचे आणि कुठला तुकडा जपायचा, हे त्यांना आजही कोणी शिकवायला नको.

आईला साष्टांग नमस्कार. पुढच्या पत्रात भूमध्यातल्या साथीवरचे टिपण पाठवते.

आपली,
मुग्धा