अवयवदानाच्या कोऑर्डिनेटर ताईंना, आमच्या घराकडून

नमस्कार ताई,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अहो भाऊ, ड्युटी आहे माझी" म्हणून विषयच संपवला. पण तेवढ्यानं आमचं मन भरलं नाही, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहून राहिलो. आणि दुसरं असं की गावात अजूनही लोक विचारतात, नागपूरला नेमकं काय झालं होतं, प्रत्येकजण आपल्या मनानं काहीतरी जोडून पुढं सांगते, त्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, रात्री शेताच्या जागलीवरून मोटरसायकलनं परत येत होता, रोही म्हणजे नीलगाय आडवी आली, डोक्याला मार लागला. तालुक्याच्या दवाखान्यातून 108 नं नागपूर. ऑपरेशन झालं पण मेंदूची सूज काही उतरली नाही आणि डॉक्टरांनी शेवटी ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा मेला, असं सांगितलं. आम्ही दादाच्या दोन्ही किडन्या, लिव्हर आणि डोळे दिले. हार्ट पण द्यायची तयारी होती, पण इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, पाहून ते बसणार नाही म्हणाले.

आता तुमच्याबद्दल. लोकांना वाटते तुम्ही आम्हाला पटवलं. ताई, तुम्ही आम्हाला काहीच पटवलं नाही, आणि याचेच जास्त आभार मानायचे आहेत.

दादा गेला हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही नाही. तेव्हा तुम्ही तिथं नव्हत्याच. आई रडली, वहिनीला चक्कर आली, काका-मामा आले, सगळं होऊ दिलं, आणि मग लय उशिरा तुम्ही आल्या, खुर्ची ओढून आईजवळ बसल्या आणि पहिलं विचारलं की कोणी काही खाल्लं का. अवयवदानाचा शब्द तर त्याच्याही नंतर निघाला. आणि तो काढतानाच सांगून टाकलं की नाही म्हटलं तरी चालते, कोणी तुम्हाला बोलणार नाही, कागदावर कुठं लिहिल्या जाणार नाही.

आईचा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. "बाई, अंग गरम हाय त्याचं, छाती खालीवर होते, अन तुमी म्हन्ता मेला. कसा मेला?" तिथं कोणीही वैतागलं असतं, आई तेच तेच विचारत होती. तुम्ही दर वेळी तेच सांगितलं, आवाज न चढवता. की आई, छाती मशीन हलवते, हवा मशीन ढकलते, ऑक्सिजन भेटते म्हणून काळीज काही वेळ चालू राहते, पण भाऊ स्वतःहून श्वास घेत नाही आणि आता घेणारही नाही. कोमा वेगळा, कोमातल्या माणसाचा मेंदू काही ना काही काम करत असते, तो परत येऊ शकतो, ब्रेन डेडमधून कोणी येत नाही. आईला पटलं की नाही मला सांगता येत नाही. पण मामा अडून बसला होता, त्याचं काय केलं तुम्ही ते मला फार आवडलं. डॉक्टरांना विचारून तुम्ही मामाला आणि मला दुसऱ्या टेस्टच्या वेळी आत उभं केलं.

ते पाहिलेलं मी लिहितो कारण ही टेस्ट कशी असते हे आमच्या इकडं कोणालाच माहीत नाही. डोळ्यात टॉर्च मारला, बाहुली हलली नाही. कापसाच्या टोकानं बुबुळाला हात लावला, पापणी मिटली नाही. कानात थंडगार पाणी सोडलं. भुवईवर अंगठ्यानं जोरात दाबलं. घशातल्या नळीतून आत नळी टाकली, तर ठसका नाही. आणि मग शेवटची, ऍप्निया टेस्ट. चादर खाली सरकवली, व्हेंटिलेटर सोडवला, नुसता ऑक्सिजन बारीक नळीनं चालू ठेवला, आणि सगळेजण दादाच्या उघड्या छातीकडं पाहत उभे. आठ-दहा मिनिटं. तेवढ्या वेळात रक्तात कार्बन डायऑक्साईड साचत जातो, त्याचा दाब 60 mmHg च्या वर गेला की जिवंत मेंदू असेल तर श्वास घेतल्याशिवाय राहत नाही. मामा वाकून वाकून पाहत होता. काहीच हललं नाही. रक्ताचा नमुना घेतला आणि मशीन परत लावली. बाहेर आल्यावर मामानं टोपी काढून हातात धरली आणि काकाला म्हणाला, "नाही हो भाऊजी, नाही राह्यला." त्यानंतर मामा एकदाही आडवा आला नाही.

हीच टेस्ट आधी एकदा होऊन गेली होती, मध्ये कमीत कमी 6 तास सोडावेच लागतात. आणि सही एका डॉक्टरची नाही, चौघांची, हॉस्पिटलचे प्रमुख, मंजूर यादीतला एक तज्ज्ञ, मेंदूचे डॉक्टर आणि ज्यांनी दादावर इलाज केला ते. ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर या चौघांत राहूच शकत नाहीत. हे सगळं 1994 च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आणि त्याच्या नियमांत आहे. आमच्या गावात जो म्हणते ना की "अवयव पाहिजे होते म्हणून लवकर मेला सांगितलं", त्यानं हा पॅरा दोनदा वाचावा.

आता वहिनीचं. कॉरिडॉरमध्ये काका, मामा, मोठे जावई असे बसले, चर्चा केली, हो-नाही करत हो ठरलं, आणि काकानं येऊन तुम्हाला सांगितलं, आणा फॉर्म. तुम्ही फॉर्म काढलाच नाही. "बाईंना विचारलं का?" म्हणाल्या. काका म्हणे तिची परिस्थिती नाही बोलायची, याचा सख्खा भाऊ आहे ना, तो करते सही. कायद्यानं जवळचा नातेवाईक म्हणून माझी सही चाललीच असती. तरी तुम्ही वहिनीला घेऊन बाजूच्या खोलीत गेल्या, आणि दरवाजा लावून घेतला. आत काय बोलणं झालं ते वहिनीनं आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बाहेर आली तेव्हा ती स्वतः म्हणाली, किडनी द्या, लिव्हर द्या, डोळे द्या, चामडी नको. आमच्या जावयानं तोंड उघडलं होतं की आता एवढं देऊनच राहिलो तर, आणि तुम्ही त्यांच्याकडं पाहिलं फक्त. स्किनच्या जागी तुम्ही "नाही" लिहिलं आणि वहिनीला पुन्हा वाचून दाखवलं. माणूस एक गोष्ट देते म्हणजे सगळंच दिलं पाहिजे असं काही नाही, जे नको ते नको, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर तो कॉरिडॉरमधला अर्धा वाद झालाच नसता.

सही झाल्यावर एक गोष्ट अशी झाली की आम्ही सगळे पार गोंधळलो. नर्स लोकांची धावपळ उलट वाढली. सलाईन बदलणं, बीपी, लघवी मोजणं, अंग गार पडू नये म्हणून पांघरूण. माझ्या चुलत भावाला वाटलं काहीतरी आशा दिसली असंल. तुम्ही लगेच येऊन सांगितलं की आता ही काळजी अवयवांची आहे, रक्त फिरत राहिलं तरच ते कामाचे राहतात, दादा परत येणार म्हणून नाही. खोटी आशा एक मिनिटही राहू दिली नाही. कडू वाटलं तेव्हा. बरं केलं.

मग झेडटीसीसी, म्हणजे अवयव कोणाला द्यायचे ते ठरवणारं विभागीय केंद्र. आम्ही हे नाव पहिल्यांदा ऐकलं. महाराष्ट्रात अशी चार केंद्रं आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, आणि कोणता अवयव कोणाला जाईल ते तिथं वेटिंग लिस्टवरून ठरते, हॉस्पिटलच्या मनानं नाही आणि आमच्या तर नाहीच. काकानं विचारलं होतं की आमच्या ओळखीतला एक डायलिसिसवर आहे त्याला देता येईल का. तुम्ही सरळ नाही म्हणाल्या, रक्तगट आहे, नंबर आहे. लिव्हर दुसऱ्या हॉस्पिटलला ग्रीन कॉरिडॉरनं गेलं, सिग्नल मोकळे करून. कोणाला लागलं ते आम्हाला माहीत नाही, आणि त्यांनाही आमचं नाव कळू देत नाहीत. आईला कधी कधी वाटते की पाहावं एकदा. पण नियम आहे तर आहे.

सगळ्यात मोठी डोकेदुखी होती पोलिसांची, आणि त्याबद्दल तर मी तुमचे पाय धरले असते. ॲक्सिडेंट म्हणजे एमएलसी केस (पोलिसांत नोंद होते ती), पंचनामा, पोलिसांची एनओसी म्हणजे ना-हरकत, पोस्टमार्टम म्हणजे पीएम. गुन्हा आमच्या ठाण्यात, दादा नागपुरात. सगळे अनुभवी लोक सांगत होते की संध्याकाळ झाली, आता पीएम उद्या सकाळी, बॉडी परवा भेटते. तुम्ही म्हणाल्या 2021 पासून सूर्यास्तानंतर पण पीएम करता येते, अवयवदानाच्या केसला तर आधी. दोन्हीकडच्या ठाण्यांना फोन लावले, कागद व्हॉट्सअपवर मागवले, पीएमचे डॉक्टर बोलावले, आणि ऑपरेशन झालं की लागलीच पीएम. उजाडायच्या आत आम्ही दादाला घेऊन निघालो होतो. ज्यांनी कधी बॉडीची वाट पाहत दवाखान्याच्या आवारात रात्र काढली असंल त्यांना याची किंमत समजंल.

ऑपरेशनला नेण्याआधी दादाचा करदोडा कापावा लागणार होता. कोणीही कात्री मारून फेकला असता, कोणाला समजलं असतं? तुम्ही आईला विचारायला बाहेर आल्या. आई हो म्हणाली. नंतर तो करदोडा, चांदीची अंगठी आणि मोटरसायकलची चाबी, असं एका पाकिटात, वर दादाचं नाव लिहून, पिना मारून माझ्या हातात दिलं आणि सही घेतली. टाके नीट घातले होते, पापण्या मिटलेल्या, चेहऱ्यात फरक नाही. गावात अंत्यदर्शनाला एक म्हातारी अगदी जवळ जाऊन डोळे पाहून गेली, तिला काही दिसलं नाही, जरा नाराजच झाली असंल.

आता पैशाचं, कारण ते लिहिल्याशिवाय हे पत्र गावासाठी कामाचं नाही. तेरवीच्या आधीच पाराजवळ सुरू झालं होतं, "किती भेटले?" एक रुपया भेटला नाही आणि भेटूच शकत नाही. अवयवाचा सौदा केला तर 5 ते 10 वर्षं जेल आणि 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड आहे. संमती दिल्यानंतर अवयव जपायचा, काढायचा, न्यायचा खर्च आमच्यावर नाही, तो भाग बिलातून वेगळा काढून तुम्ही मला ओळ न ओळ दाखवला. आधीच्या इलाजाचं बिल मात्र आमचं होतं आणि ते आम्ही कापूस विकून भरलं. ज्याला शंका आहे त्यानं घरी यावं, पावत्या आहेत.

वहिनीच्या मनात एक आहे, मी तिच्याकडून विचारतो. आमच्या गावात माणसं घरीच मरतात, म्हातारी माणसं, व्हेंटिलेटर वगैरे कुठचं आलं, म्हणजे किडनी-लिव्हरचा प्रश्नच नाही. पण डोळ्यांचं तुम्ही म्हणाल्या होत्या की घरी मरण आलं तरी 6 तासांच्या आत देता येतात, पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. हे बायकांना तुमच्या तोंडून ऐकायचं आहे, आमच्या सांगण्यानं हसतात. बचत गटाची मीटिंग असते तेव्हा येता आलं तर पाहा. वेचणी चालू आहे तोवर दिवसा कोणी सापडणार नाही, संध्याकाळीच ठेवावं लागंल. आणि येताना डबा घेऊन येऊ नका. वहिनी म्हणे ताईले वांग्याची भाजी अन भाकर मीच करून घालतो.

तुमचा,
दादाचा लहान भाऊ