बाय, आजीबद्दल विचारलंस म्हणून

माझ्या लाडक्या बाय,

काल फोनवर तू विचारलंस, मम्मा, आजी जाऊन महिना होतोय, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्साला, प्रार्थनेला, दोन शब्द बोलायचेत, काय बोलू, ती तर आयुष्यभर घरीच होती ना. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण रात्रभर झोप नाही लागली गं, म्हणून सकाळी चहा पिऊन लिहायला बसलेय, व्हॉट्सअ‍ॅपवर मावणार नाही एवढं आहे.

आजीचं लग्न 1963 च्या जानेवारीत झालं, ती वीस वर्षांची होती. त्याआधी तीन रविवार देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोघांची नावं पुकारली. आदल्या दिवशी बायका घुमट वाजवत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी घेऊन आल्या, आपल्या अंधेरीतल्या आंबोलीच्या गावठाणात तेव्हा विहीर होती. मिस्सा सगळी लॅटिनमध्ये, ती सांगायची, मला एक अक्षर कळलं नाय पण फादरनी विचारलं तेव्हा हो मात्र मी मोठ्यांदा म्हणाले. आणि 1964 च्या डिसेंबरमध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले होते ना, तेव्हा मी तिच्या पोटात होते. ओव्हल मैदानावर ती त्या गर्दीत तशीच उभी राहिली. मला नेहमी म्हणायची, तुला जन्माच्या आधीच आशीर्वाद मिळालाय.

तू तिचा मसाला फक्त खाल्लायस, करताना कधी नीट बघितलं नाहीस, कारण मे महिन्यात तू आमच्याबरोबर बाहेरगावी असायचीस. एप्रिल संपला की ती अंगणात चटया टाकून मिरच्या वाळवायची, काश्मिरी वेगळी, रेशमपट्टी वेगळी. मग हळद, धणे, तीळ, खसखस, राई, चण्याची डाळ, गहू, नागकेशर, तिरफळ, दगडफूल, मायपत्री आणि अजून कितीतरी. सगळं चुलीवर मातीच्या खापरात भाजायचं आणि एकेक जिन्नस सुटा भाजायचा, एकत्र घातला की झालंच, कारण तीळ जळून जातात आणि हळद कच्ची राहते. ती नाकानेच ओळखायची, पाठ करून उभी असली तरी म्हणायची, काढ, धणे झाले. मग कुटणाऱ्या बायका यायच्या. उंच लाकडी उखळीत दोघी-तिघी आळीपाळीने मुसळ मारायच्या, एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली, तोंडावर फडकं बांधलेलं, आणि सगळी गल्ली शिंकायची. शेवटी बियरच्या गडद बाटल्यांत काठीने ठासून ठासून भरायचा, आत हवा राहता कामा नये, आणि काच गडद हवी म्हणजे उजेडाने रंग उडत नाही. वर्षभर टिकायचा.

आता खरी गोष्ट सांगते, ही तुझ्या मामांनाही माहीत नाही.

तुझे आजोबा लोअर परळला गिरणीत फिटर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले आणि महिन्यामागून महिने गेले तरी गिरणीचा भोंगा काही वाजला नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची, माझ्या पाठचे चार भाऊ. पप्पा दिवसभर व्हरांड्यात बसून राहायचे, कोणाशी बोलायचे नाहीत, संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेला पण मागे भिंतीला टेकून बसायचे. त्या मे महिन्यात आयने पहिल्यांदा दुसऱ्यांसाठी मसाला केला. मग लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागली, आपले पिठाचे तळलेले फुगे करून द्यायची, पहाटे चारला उठून पीठ फेटायची आणि मुठीतून अंगठ्याने एकेक गोळा कढईत सोडायची, शंभर, दोनशे, तीनशे. हातावर तेलाचे डाग पडलेले होते ते तू बघितलेस, तुला वाटायचं वयाचे आहेत.

एका शुक्रवारी रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती अंधारात उभी होती, खुंटीला पप्पांचा शर्ट होता आणि ती त्याच्या खिशात नोटा ठेवत होती. मला बघून तिने ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, आम्ही सगळी पोरं जेवायला बसलेलो आणि पप्पांनी खिशातून पैसे काढून तिच्या हातात दिले, जसे पगार झाल्यावर द्यायचे तसेच. ती म्हणाली, आज थोडे जास्तच दिसतायत. पप्पा काही बोलले नाहीत, खाली मान घालून जेवत राहिले. पण हे कितीतरी शनिवार चाललं, दोघांनी एकमेकांना कधी एक शब्द विचारला नाही, मी विचारलं तेव्हा आय एवढंच म्हणाली, पोरांनी बापाच्या हातून पैसे बघायला पाहिजेत.

माझी कॉलेजची फी तिच्या दोन बांगड्यांतून गेली, त्या परत कधी झाल्या नाहीत. मी बँकेत लागले 1988 ला, तू झालीस 94 ला, आणि तीन महिन्यांची तू तिच्या मांडीवर ठेवून मी सकाळी आठ चाळीसची लोकल पकडायचे. तुझं पहिलं पाऊल तिने बघितलं, मी नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण ती नसती तर नोकरी सुटलीच असती, आणि आज मला जी पेन्शन मिळते ना त्यातली निम्मी तिची आहे असं मी मानते. पप्पांना पॅरालिसिस झाला तेव्हा ती साठीची होती, सहा वर्षं तिने त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं, नर्स ठेवू या म्हटलं तर रागवायची.

तू बोलताना लोअर परळचं किंवा शर्टाचं सांगू नकोस, तिला आवडलं नसतं. मसाल्याचं सांग, मे महिन्यात ती गावठाणातल्या क्रूसापुढे सगळ्यांना घेऊन रोझरी म्हणायची ते सांग, आणि तुला मांडीवर घेऊन फुगे भरवायची ते पण.

तिने ठासून भरलेली शेवटची बाटली कपाटात आहे, अर्ध्याच्या वर आहे. शनिवारी मामा पुण्याला येतोय त्याच्याबरोबर पाठवते. कोरड्या चमच्याने घे, ओला लागला तर बुरशी येते, आणि मटणाला दोन चमचेच टाक, तीन टाकलेस तर तिखट होईल.

तुझी
मम्मा