रिटायर होणाऱ्यांकडची माहिती लिहून ठेवण्याबद्दल

मंडळी नमस्कार, महिनाअखेर आपल्या गूळ विभागातले दोन सिनियर रिटायर होतायत आणि त्यांना जे येतं ते फाईलमध्ये कुठंच नाहीये. गूळ साधारण ११८ अंश सेल्सिअसला तयार होतो हे सगळ्यांच्या वहीत आहे, पण रस स्वच्छ करायला भेंडीचं पाणी कधी घालायचं, मळी (उकळताना वर येणारा मळ) किती वेळा काढायची, नुसतं बघून काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरवायची वेळ कशी ओळखायची हे अजून त्यांनाच विचारावं लागतं. तर शनिवारपर्यंत प्रत्येकानं त्यांच्याजवळ बसून एकेक गोष्ट रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका, मोबाईलवर केलं तरी चालतंय, टायपिंग नंतर करू. फसलेले प्रयोग आवर्जून विचारा, ते संशोधनाच्या पेपरात सहसा छापून येत नाहीत आणि नवीन पोरं तेच परत करत बसतात. सांगणाऱ्याचं नाव, तारीख नक्की घाला.