वाफा अर्धा ठेवला, काकी, तुमच्यामुळे

काकी,

तुमच्या सुनेला सांगितलंय वाचून दाखवायला. समोर आले की तुम्ही चहा टाकता, मग गप्पा भलतीकडेच जातात आणि सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय.

मे महिन्यात मी सामायिक बागेतला माझा वर्गणीचा वाफा सोडायचं जवळजवळ ठरवलंच होतं. अर्धा गुंठा म्हणजे 544 स्क्वेअर फूट, ऐकायला काय ते, पण ऑफिस सुटून रिक्षा करून पोचेपर्यंत अंधार पडायचा आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये मी कळशीने पाणी घालतेय. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये सामायिक विहीर तळाला, जांभ्यात पाणी ठरतच नाही ना. त्यात वानरं. भेंडी गेली, वांगी गेली, पावट्याच्या शेंगा अर्ध्या चावून बांधावर टाकलेल्या, म्हणजे खायचं तर धड खा तरी! वर्गणीची तारीख आली, वेटिंगवाले विचारायला लागले, नवरा म्हणाला बाजारात जुडी मिळते की. सल्ले तर काय, फटाके लाव, जाळी लाव, सोलर कुंपण कर, पैसे कोण देणार ते कोणी सांगितलं नाही.

तुम्ही एवढंच विचारलंत, "सोडायचा तर सोड गो बाय, पण किती सोडतेस?"

किती, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मग तुमच्या पडवीत बसून आपण हिशोब केला, वर्षभरात घरात नक्की काय आलं, आणि खरं सांगते लाज वाटली, अळू, मिरच्या आणि थोडं पडवळ, बस्स. बाकी सगळी वानरांची सोय. अर्धा वाफा वेटिंगवरच्या त्या नवीन जोडप्याला दिला, उरलेल्यात तुम्ही हळद लावायला लावलीत, कारण वानरं सहसा तिच्या वाटेला जात नाहीत आणि पावसाळ्यात पाणी घालायची कटकट नाही. पाच किलो बेणं घरून आणून दिलंत, गादीवाफे उंच करून घेतलेत (नाहीतर पाणी साचून कंद कुजतात, हे मी यूट्यूब बघूनही विसरले असते), वर आंब्याचा पातेरा आणि गिरीपुष्पाचा पाला. गुडघे दुखत असताना दोन दिवस वाकून काम केलंत, हे मी विसरणार नाही.

तुमचं न ऐकता सहा भेंड्या लावल्या होत्या. त्यांचं काय झालं ते तुम्ही बघितलंतच, हसू नका.

पण गणपतीत आपल्याच वाफ्यातल्या पानांत पातोळ्या केल्या, पान उलगडल्यावर जो वास आला ना, सासूबाई सुद्धा दोन मिनिटं गप्प. वर्गणी भरली, अर्धीच, आणि आता आठवड्यातनं दोनदा गेलं तरी पुरतं.

पानं पिवळी पडून सुकली की जानेवारीत काढू. ओल्या पाच किलोची वाळून जेमतेम किलोभर होते म्हणालात, होऊ दे. तुमचं पाच किलो बेणं आधी बाजूला काढणार, आणि पहिली कुदळ तुम्ही मारायची, मी रिक्षा पाठवते.

तुमचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत देणार नाही म्हणून थांबलेय.

तुमची शेजारच्या वाफ्यातली