वही रद्दीत घालू नकोस

बर्लिन, रविवार

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

दादाला हे पत्र मोठ्याने वाचायला सांग. बाबाही शेजारी बसू देत, त्यांच्याबद्दलची तक्रारही यातच आहे.

मागच्या गणपतीत बाबांचं जे शूटिंग केलं, ते तीन आठवडे झाले, कापत बसलेय. बाबा बोललेत छान. १८ जानेवारी १९८२चा गिरणी संप, अडीच लाख कामगार, पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभा, सगळं पाठ. पण कसं, तर साहेबासमोर उभं राहून बोलावं तसं. आणि मागून, कुकरच्या शिटीवर आवाज चढवून तू म्हणतेस, "अडीच लाख कुणी बघितलेत? आपल्याकडे सतराजण जेवायला होते, ते सांगा की!" त्यावर बाबा हात झटकतात, "तू गप गं." इथल्या सरांनी तो मागचा आवाज काढून टाक म्हटलं. मी नाही काढला. उलट तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकत बसलेय.

बाबांना डॉक्युमेंटरी म्हटलं की 'भारतमाता' थिएटरात पिक्चरच्या आधी लागायचे ते फिल्म्स डिव्हिजनचे सरकारी माहितीपट आठवतात. त्यात तुझी खाणावळ कुठून येणार?

परवा वर्गात आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' बघितली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहाजण गेले, तुला आठवत असेल. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. पटवर्धनांनी आधीच्या फिल्मसाठी त्यांना गाताना टिपलं होतं. म्हणजे माणूस गेला आणि गाणारा आवाज रिळात राहिला. त्या आवाजामागे ते चौदा वर्षं फिरले, २०११ ला फिल्म पुरी झाली. (आणि मी तीन आठवड्यांत कंटाळलेय.) बघताना सारखं वाटत होतं, बाबांच्या गिरणीतल्या साळखात्यातल्या, म्हणजे मागावरच्या, एकाचाही आवाज आपल्याकडे नाही. आहे ती तुझी उधारीची वही.

तांबड्या कापडाच्या पुठ्ठ्याची, फडताळात वरच्या कप्प्यात, पापडाच्या डब्यामागे. संपात पगार थांबले तरी तू डबे थांबवले नाहीस. नाव, महिना, रक्कम, आणि काही नावांपुढे नुसतं "गावी गेला". किती जणांपुढे तसं लिहिलंय, मोजलंयस कधी? बाबा म्हणतात, संप रीतसर मागे घेतलाच नव्हता. तुझी वहीही तशीच उघडी राहिलीय.

पुढच्या महिन्यात खोली खाली करून संक्रमण शिबिरात जायचंय. तुझा स्वभाव मला माहीत आहे, बांधाबांध सुरू झाली की निम्मं घर रद्दीवाल्याच्या तराजूत जाईल. ती वही तेवढी नको. दादाकडे दे. मी दिवाळीला येतेय, तेव्हा तू ती पुढ्यात घेऊन एकेक नाव वाचायचं आणि तो माणूस कसा जेवायचा ते सांगायचं. आडनावं झाकीन. कुणाच्या नातवाला आजोबांची उधारी पडद्यावर दिसू नये. आणि तुझं मन नसेल तर सरळ नाही म्हण, कॅमेरा पिशवीतून काढणार नाही.

बाबांना सांग, त्यांचं काही कापत नाही. फक्त या वेळी ते मागे बसतील, लसूण सोलत. मधे बोलले तरी चालेल.

तुझी,
सुमी