योजना सरकारच्या, माहिती मात्र दलालाकडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेतात काम करताना सर्पदंशाने दगावलेल्या, माझ्या परिचयातील एका शेतकऱ्याच्या पत्नीला ‘गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजने’चे नाव पहिल्यांदा कानावर पडले ते चार महिन्यांनी, आणि तेही कोणा कर्मचाऱ्याकडून नव्हे, तर ‘दोन लाख मिळवून देतो, त्यातले वीस टक्के माझे’ असे सांगत दारात आलेल्या एका इसमाकडून. या योजनेत मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात, प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो आणि तो ३० दिवसांच्या आत द्यावा, असे नियम सांगतो. तेराव्यापर्यंत ज्या घरात कोणाला धड जेवण जात नाही, त्या घराने उरलेल्या सतरा दिवसांत शासन निर्णय शोधून, वाचून, कागद जमवून तालुक्याला जावे, अशी ही अपेक्षा आहे.

मला खटकले ते वेगळेच. या मृत्यूनंतर पंचनाम्याला पोलीस आले होते, शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात झाले होते आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे लावण्यासाठी तलाठ्याकडे फेऱ्याही झाल्या होत्या. प्रस्तावाला लागणारे बहुतेक कागद ज्यांच्या हातून निघतात, त्या तीन खात्यांपुढे हे कुटुंब उभे राहिले. पण ‘ताई, असे एक अनुदान आहे, अर्ज करा’ हे वाक्य एकाही ठिकाणी उच्चारले गेले नाही. दलालाला मात्र गावात कोण कशाने वारले, याची खबर बरोबर होती.

मी नोकरीची बरीच वर्षे एका बँकेच्या कर्जविभागात काढली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्या आहेत. सरकार योजना लपवून ठेवते, हा आरोप मला मान्य नाही. राज्याचे शासन निर्णय संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध असतात, शेतीची अवजारे, ठिबक सिंचन आणि शिष्यवृत्त्यांचे अर्ज राज्याच्या ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरता येतात आणि ४ जुलै २०२२ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ‘मायस्कीम’ या संकेतस्थळावर वय, उत्पन्न, प्रवर्ग, व्यवसाय अशी माहिती भरली की लागू पडू शकणाऱ्या योजनांची यादी समोर येते. ही सोय चांगली आहे आणि ती पुरेशा लोकांना माहीत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो. तरीही बहुतेक माहिती खात्यांच्या सोयीने मांडलेली असते, माणसाच्या अडचणीच्या सोयीने नव्हे. विधवा बाईला आपली अडचण ठाऊक असते. ती कृषी खात्याची, समाजकल्याणची की महसूलची, हे तिला ठाऊक नसते. त्यातून शासन निर्णय हाती लागलाच, तर त्याची सुरुवात ‘वाचा’ या शीर्षकाखालील आधीच्या आठ-दहा निर्णयांच्या क्रमांकांनी होते, त्यातला कोणता निर्णय अधिक्रमित, म्हणजे नव्या निर्णयामुळे रद्द झाला आणि कोणता अंशतः चालू आहे, हे कळायला मंत्रालयातला कक्ष अधिकारीच हवा. कित्येकदा हाती लागलेली योजना बंद पडलेली किंवा तिचा त्या वर्षीचा निधी संपलेला असतो आणि हे अर्जदाराला समजते ते पाचव्या फेरीत.

कर्जाशी जोडलेल्या योजनांबाबत तर गैरसमजांना सुमारच नाही. ‘सरकारी कर्ज’ या शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे. मुद्रा योजनेत सरकार कोणालाही पैसे वाटत नाही, कर्ज बँकच देते आणि ते व्याजासह फेडावे लागते. सवलत एवढीच, की तारण मागितले जात नाही. त्यात अनुदानही नसते. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या योजनेत व्याजाचा परतावा मिळतो, पण तो हप्ते वेळेवर भरणाऱ्यालाच. हप्ता थकला की परतावाही अडकतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात मात्र खरोखरच अनुदान आहे, पण ते कसे मिळते, हे फारच थोड्यांना माहीत असते. ग्रामीण भागातील खुल्या प्रवर्गातील तरुणाने १० लाखांचा प्रकल्प मांडला, तर स्वतःचे १ लाख त्याला घालावे लागतात, उरलेल्या ९ लाखांसाठी बँकेची मंजुरी लागते आणि २५ टक्क्यांप्रमाणे होणारे अडीच लाखांचे अनुदान त्याच्या हातात न पडता तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. तेवढ्या रकमेवर त्याला व्याज बसत नाही, आणि तीन वर्षांनंतर उद्योग चालू असल्याची खात्री पटली की ती कर्जात वळती होते. दुकान कागदावरच असेल, तर पैसे परत जातात. हे २५ टक्क्यांचे अनुदान चालू उद्योगाला नाही, नव्यालाच आहे. एवढे नीट कळलेला अर्जदार ‘अडीच लाख रोख काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागणार नाही. माझ्या टेबलासमोर मात्र अनुदानाच्या भरवशावर आधीच हातउसने घेऊन दलालाला पैसे देऊन आलेली मुले बसत, आणि मंजुरी नाकारावी लागली की वाईट मी ठरत असे. (नाकारण्यात काही वेळा बँकांचाही आळस असतो, हे कबूल करतो. छोट्या कर्जाला कागद तेवढेच लागतात आणि उद्दिष्टात त्याचे वजन कमी भरते.)

अवजारांचेही तसेच. पूर्वसंमती मिळण्याआधी विकत घेतलेल्या अवजाराला महाडीबीटीवर अनुदान मिळत नाही, हा एकच नियम माहीत नसल्याने कितीतरी शेतकऱ्यांनी पेरणीच्या घाईत यंत्र घेऊन टाकले आणि अनुदान गमावले. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे आले नाहीत म्हणून महाविद्यालयाशी भांडणाऱ्या मुलांपैकी अनेकांचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या भलत्याच, कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात जमा झालेले असतात. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीच्या दरात राखून ठेवणे महाराष्ट्रात बंधनकारक आहे, पण दाखल होताना अनामत रक्कम मागणाऱ्या खिडकीवर ही गोष्ट आपण होऊन सांगितली जात असल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

यावर उपाय म्हणून आणखी एखादे संकेतस्थळ किंवा ॲप काढू नये, अशी माझी विनंती आहे. उपाय कायद्यात आधीपासूनच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) मधील बाराव्या उपखंडानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अनुदान कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत, त्यासाठी दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे, आणि तो देताना स्थानिक भाषा विचारात घ्यायची आहे. हे कलम खरोखर पाळायचे, तर पंचायत समिती, तहसील आणि तालुका कृषी कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर प्रत्येक चालू योजनेचे एक पान लागायला हवे. त्यावर कोणाला, किती, कोणत्या कागदांवर, किती दिवसांत आणि कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे, एवढे लिहावे; शिवाय योजना सध्या चालू आहे की बंद, हे तारखेसह लिहावे. ही तारीखच सर्वांत महत्त्वाची, कारण जुन्या पानासारखी दिशाभूल दुसरे काही करत नाही. उत्पन्नाचा, जातीचा किंवा रहिवासाचा दाखला वेळेत न मिळाल्याने अर्ज राहिला, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते, हेही त्याच भिंतीवर असावे. आणि मृत्यूचा पंचनामा किंवा वारसनोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याने संबंधित योजनेचे पान त्या कुटुंबाच्या हाती द्यावे, असा आदेश काढायला निधीही लागत नाही.

असे होऊ शकत नाही, असे कोणी म्हणू नये. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची माहिती काही आठवड्यांत वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली, कारण अंगणवाडी सेविकेला ती सांगण्याचे आणि अर्ज भरून घेण्याचे काम नेमून दिले होते. त्या योजनेच्या गुणदोषांचा वाद येथे नको. सरकारने मनावर घेतले की निरोप घरोघर जातो, एवढे त्यातून दिसले. अपघाती मृत्यूचे अनुदान, दिव्यांगांचे साहाय्य किंवा संजय गांधी निराधार योजना यांसाठी तेवढी तातडी दाखवली गेलेली नाही.

शेवटी एक तक्रार आपल्या वृत्तपत्र व्यवसायाबद्दल, रागावू नये. ‘शासकीय अनुदानित कर्ज, कागदपत्रांशिवाय, चोवीस तासांत’ अशा छोट्या जाहिराती वृत्तपत्रांत छापून येतात आणि छापून आले म्हणजे खरे असणार, असे मानणारा वाचक अजून आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम असो वा मुद्रा, या योजनांनी कोणताही दलाल किंवा मध्यस्थ नेमलेला नाही, असे त्यांच्याच संकेतस्थळांवर बजावलेले आहे. ‘मंजुरीपत्र’ पाठवून प्रक्रिया शुल्क आगाऊ भरायला सांगणारे संदेश खोटे असतात, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) तथ्य-पडताळणी विभागाने वारंवार स्पष्ट केले आहे. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ पाहावे, हा सल्ला बरा आहे, पण खुद्द मुद्राचे अधिकृत संकेतस्थळच ‘ओआरजी डॉट इन’ असल्याने सामान्य माणसाला तोही पुरा पडत नाही. तेव्हा जाहिरातीत सरकारी योजनेचे नाव असेल, तर ती देणाऱ्याकडून संबंधित कार्यालयाचे पत्र मागावे आणि ते नसल्यास जाहिरात नाकारावी. त्या रिकाम्या झालेल्या चौकटीत आठवड्यातून एकदा एका चालू योजनेची तारखेसह माहिती छापता आली, तर मजकूर तयार करून द्यायला मी आनंदाने येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी